बाबासाहेबांची बिऱ्हाडे



विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघाली की तिच्यात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर एक लेख असतोच, आणि असायलाच पाहिजे. बाबासाहेबांनी किती पदव्या मिळवल्या, चवदार तळ्यावर काय केले, घटना कशी लिहिली हे आपल्या वाडीतली शाळकरी पोरेसुद्धा घडाघडा सांगतात. पण बाबासाहेब परदेशात गेले तेव्हा ते उतरले कुठे? त्यांना खोली कुणी दिली? भाडे कसे भागवले? आणि एवढे शिकून परत आल्यावर स्वतःच्या देशात त्यांना बिऱ्हाड मिळाले का? हे फारसे कुणी विचारत नाही.

आज आपली मुले घराबाहेर पडली आहेत. कुणी मुंबई-पुण्याला, कुणी आखातात, एखाद-दुसरा लंडन-अमेरिकेतही पोचला आहे. परक्या गावात पाय ठेवल्यावर पहिला प्रश्न नोकरीचा नसतो, खोलीचा असतो. म्हणून या वेळी बाबासाहेबांचे चरित्र त्यांच्या बिऱ्हाडांच्या वाटेने बघू या.

खाडीपलीकडचे गाव

आपल्या हरिहरेश्वरच्या टेकडीजवळ जी सावित्री समुद्राला मिळते ती महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूर, महाड, दासगाव करीत इथवर येते. बागमांडल्याच्या जंगलजेटीवरून खाडी ओलांडली की पलीकडे मंडणगड तालुका लागतो. त्याच तालुक्यातले आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. या गावावरून आंबडवेकर हे आडनाव आले आणि पुढे त्याचे आंबेडकर झाले. म्हणजे आपल्या अंगणातून दिसावे इतके ते जवळ आहे म्हणा ना.

पण मूळ गाव असले तरी त्यांचे बालपण काही तिथल्या घरात गेले नाही. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करात होते. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला. वडील निवृत्त झाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीला, मग साताऱ्याला आणि पुढे मुंबईला आले. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तशी गत. साताऱ्यात न्हावी केस कापायला हात लावीत नव्हता, तेव्हा बहिणीच भावाचे केस कापीत. म्हणजे घर होते, पण घराचा उंबरा ओलांडला की गाव परके होते.

मुंबईत लोअर परळच्या डबक चाळीत त्यांना एक खोली मिळाली. सगळा संसार त्या एका खोलीत. झोपायला जागा नाही म्हणून वडील आधी जागत आणि छोट्या भीमाला लवकर झोपवीत. रात्री दोनच्या सुमाराला त्याला उठवीत आणि त्याच्या जागेवर आपण आडवे होत. उशाशी जाते, पायाशी बकरी आणि मध्ये मिणमिणता दिवा, असा तो अभ्यास. १९०७ साली याच मुलाने मॅट्रिकची परीक्षा पास केली आणि १९१२ साली तो बी.ए.च्या परीक्षेला बसला. पुढे कुटुंब परळला पोयबावाडीत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या एक नंबरच्या चाळीत आले. खोली नंबर ५० आणि ५१. आपण तिला बी.आय.टी. चाळ म्हणतो. १९१२ पासून १९३४ पर्यंत बाबासाहेबांचे बिऱ्हाड तिथेच होते. समाजाचे एवढे मोठे लढे ज्या घरातून चालले ते घर म्हणजे कामगार वस्तीतल्या दोन खोल्या, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगितले पाहिजे.

न्यूयॉर्कची खोली

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड हे मोठ्या मनाचे राजे होते. त्यांनी बाबासाहेबांना अमेरिकेत शिकायला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. शिकून आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची असा करार ४ जून १९१३ रोजी झाला. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

सुरुवातीला ते विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. तिथले अर्धेकच्चे शिजवलेले जेवण त्यांना मानवेना. आठवड्याभरात ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले. तिथे काही हिंदी विद्यार्थी राहत होते. नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना नावाच्या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते राहू लागले. या नवल भथेनांचे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

एक महाराचा मुलगा आणि एक पारशी मुलगा एका छपराखाली राहतात, एका टेबलाशी जेवतात, एकाच ग्रंथालयात अभ्यास करतात आणि यात कुणाला काही वावगे वाटत नाही. आज ही गोष्ट आपल्याला साधी वाटेल. पण साताऱ्याच्या शाळेत गोणपाट घेऊन वेगळे बसलेल्या मुलाला ती साधी नव्हती. चार वर्षांच्या त्या परदेशवासात आपण अस्पृश्य आहोत याचा त्यांना जवळजवळ विसर पडला. हे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

आता खरे तेही सांगितले पाहिजे. अमेरिका म्हणजे काही स्वर्ग नव्हता. कोलंबिया विद्यापीठाच्या शेजारीच हार्लेम हा भाग आहे. तिथल्या काळ्या लोकांना गोऱ्यांच्या गल्लीत घर मिळणे मुष्कील होते. केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहराने तर काळ्यांनी कुठल्या गल्लीत राहायचे नाही याचा कायदाच केला होता. तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर १९१७ रोजी रद्द केला. हे १९१७ साल ध्यानात ठेवा, कारण त्याच साली आपल्या बडोद्यात काय घडले ते आता बघायचे आहे.

बडोद्याची अकरा दिवसांची खोली

अमेरिकेतून बाबासाहेब १९१६ साली लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. ते २१ ऑगस्ट १९१७ रोजी मुंबईला पोचले. त्यांची पुस्तके मात्र दुसऱ्या बोटीवर होती, ती शत्रूने बुडवली. त्या सामानाची भरपाई म्हणून जे सहाशे रुपये मिळाले त्यातूनच बडोद्याला जायचा खर्च भागला. करार पाळायचा होता, म्हणून सप्टेंबर महिन्यात ते नोकरीवर रुजू व्हायला निघाले.

स्टेशनवर उतरले आणि पहिला प्रश्न उभा राहिला, जायचे कुठे? महाराजांचा हुकूम होता, नोकरी होती, खिशात पैसे होते, अंगावर विलायती शिक्षणाचे तेज होते. नव्हते ते फक्त एक छप्पर. हिंदूंच्या खाणावळीत जात विचारणार आणि दार लावणार, हे ठाऊकच होते.

शेवटी पारशांच्या एका सरायीचा पत्ता लागला. पारशांचा धर्म अस्पृश्यता मानीत नाही, तेव्हा तिथे जागा मिळेल असे वाटले. सरायीचा राखणदार म्हातारा पारशी होता. त्याने खोली दाखवली. पण अंगात सदरा आणि कमरेला कस्ती नाही हे बघून तो म्हणाला की ही जागा फक्त पारशांसाठी आहे. दुसरी जागा नव्हतीच. मग वहीत पारशी नाव लिहायचे असे ठरले. रोजचा दीड रुपया, त्यात राहणे आणि जेवण. सरायीत दुसरे कुणी गिऱ्हाईक नव्हते, म्हाताऱ्यालाही चार पैसे मिळणार होते. असा तो सौदा झाला.

वरचा मजला म्हणजे एक मोठे दालन. मोडक्या बाकांनी, फाटक्या गाद्यांनी आणि अडगळीने भरलेले. विजेचा दिवा नाही. रात्री एक कंदील मिळे, त्याचा उजेड दोन हातांपुढे जात नसे. वटवाघळे घिरट्या घालीत. दिवसा अकौंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवारी करायची आणि रात्री त्या अंधारात पुस्तकात डोके घालून बसायचे. संस्थानचा बंगला मिळावा म्हणून त्यांनी दिवाणांकडे मागणी केलीच होती. तो मिळेपर्यंत कसेबसे दिवस काढायचे, एवढीच आशा.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघाले होते. तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी खोलीपुढे उभे राहिले. तू कोण, पारशी नाव घेऊन सराय का बाटवलीस, असा जाब त्यांनी विचारला. बाबासाहेबांनी आठ दिवसांची सवड मागितली. ती दिली गेली नाही. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायची, नाहीतर परिणाम भोगायचे, असा दम देऊन ते गेले.

मग बाबासाहेब ओळखीच्या माणसांकडे गेले. एक हिंदू मित्र होता. तो हळहळला, पण म्हणाला की तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण होता. त्याने बायकोला विचारून सांगतो म्हटले. ते नवराबायको धर्माने ख्रिस्ती झाले होते, पण बाईंचे सोवळे काही सुटले नव्हते. तिथेही नाहीच. बघा, तिघांनी तीन कारणे सांगितली. कुणी धर्म पुढे केला, कुणी नोकर, कुणी बायको. दार मात्र तिन्हीकडे एकच, बंद.

मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले चार-पाच तास काढायला जागा नव्हती, म्हणून ते कामाठी बागेत जाऊन बसले. आज तिला सयाजी बाग म्हणतात. एका झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले आणि आपले आयुष्य समाजाच्या मुक्तीला वाहायचा संकल्प केला, अशी आपल्या लोकांत आठवण सांगितली जाते. दरवर्षी २३ सप्टेंबरला तिथे संकल्पभूमीवर आपला समाज जमतो तो त्यासाठी.

बाबासाहेबांनी हा प्रसंग १९३५-३६ च्या सुमाराला स्वतः लिहिला. त्या आठवणींचे नाव वेटिंग फॉर अ व्हिसा, म्हणजे प्रवेशाच्या परवान्याची वाट पाहताना. हे नाव किती विचार करून ठेवले असेल! व्हिसा परदेशात जाणाऱ्याला लागतो. बाबासाहेबांना अमेरिकेत, विलायतेत शिरायला मिळाले. पण बडोद्यात, आपल्याच माणसांच्या उंबऱ्यावर, ते परवान्याची वाट बघत उभे राहिले आणि तो त्यांना मिळाला नाही. परदेशी माणूस होते ते इथेच.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. सयाजीरावांसारखा राजा पाठीशी होता. त्याने संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. पण राजाच्या हुकमाने शाळा उघडते, घरमालकाचे मन उघडत नाही.

लंडनची काटकसर

मुंबईला परतल्यावर तेच नवल भथेना मदतीला धावले. त्यांनी दोन शिकवण्या मिळवून दिल्या. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, महिना साडेचारशे रुपयांवर. एवढा पगार, तरी राहणे बी.आय.टी. चाळीतच. पैसा पैसा साठवून, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि भथेनांकडून पाच हजार रुपयांचे कर्ज घेऊन १९२० च्या जुलैमध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. बडोद्यात पारशांनी काठ्या उगारून बाहेर काढले आणि पारशी मित्रानेच कर्ज काढून दिले. म्हणून कुठल्याही एका जमातीला सरसकट नावे ठेवण्यात अर्थ नाही. दार लावणारा माणूस असतो, तसा उघडणाराही माणूसच असतो.

लंडनमध्ये ते एका बोर्डिंगात राहिले. तिथली रीत अशी की खोली आणि न्याहारी घरमालकीण देणार आणि तिचे पैसे ठरल्या दिवशी मोजायचे. ती बाई फार चिकट होती. सकाळी माशाचा एक तुकडा, पाव आणि चहा. रात्री पातळ सूप आणि बिस्किटे. रात्र चढली की पोटात कावळे ओरडत. ओळखीच्या एका गुजराती गृहस्थाने दिलेले पापड होते, ते भाजून आणि कपभर दूध पिऊन पुन्हा पुस्तके उघडायची. बसचे भाडे वाचवायला पायी चालायचे. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर बसायचे आणि दुपारचे जेवण टाळायचे. इकडे चाळीत माता रमाई तशाच पोटाला चिमटा घेऊन संसार ओढीत होत्या. ते बिऱ्हाड आणि हे बिऱ्हाड, दोन्हीकडची चूल एकाच काटकसरीवर चालली होती.

१९२१-२२ मध्ये बाबासाहेबांचा मुक्काम उत्तर लंडनमध्ये प्रिमरोझ हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवरील १० नंबरच्या घरात होता. याच काळात, १९२१ साली, ते एम.एस्सी. झाले. पुढे बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवली.

विलायतेतही काळ्या-सावळ्या माणसाला जागा नाकारणारे घरमालक होते. हिंदी विद्यार्थ्यांची राहण्याची अडचण इतकी होती की १९१० साली लंडनमध्ये क्रॉमवेल रोडवर त्यांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी एक घर चालू करावे लागले. तेव्हा तिथे भेद नव्हता असे म्हणणे खोटे होईल. पण बाबासाहेबांच्या त्या चिकट घरमालकिणीने अन्न कमी वाढले तरी ताट वेगळे ठेवले नाही. तिचा हिशेब पैशाचा होता, जन्माचा नव्हता. चिकटपणाला उपाय असतो. खोली बदलता येते, पापड भाजता येतात. जन्माच्या हिशेबाला मात्र भाडेकरूजवळ उपाय नसतो. बडोद्यात दीड रुपया रोख मोजूनही उपयोग झाला नाही. लंडन आणि बडोद्यात फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

सावित्रीच्या काठावर

१९२३ साली बाबासाहेब मायदेशी परतले. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. या सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांत एक होते वसतिगृहाचे. १९२५ साली सोलापूरला आपल्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. ज्याला बडोद्यात छप्पर मिळाले नाही त्याने दुसऱ्यांच्या मुलांसाठी आधी छप्पर उभे केले. शाळा असून उपयोग काय, शहरात राहायला जागा नसेल तर खेड्यातला मुलगा शिकणार कसा, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

मग १९२७ साल आले. २० मार्च रोजी चवदार तळ्याचे पाणी पिण्याचा सत्याग्रह झाला. त्या वेळी परिषदेसाठी पाणीसुद्धा चाळीस रुपयांचे विकत घ्यावे लागले होते. डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद ठरली तेव्हा मंडपासाठी जागा द्यायला महाडमध्ये कुणी सवर्ण पुढे येईना. अखेर फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. आपल्या चळवळीच्या इतिहासात हे नाव आदराने घेतले जाते. त्याच जागेवर २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. एका घरमालकाच्या होकारात किती बळ असते ते बघा.

त्या परिषदेला बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले आणि दासगावमार्गे महाडला गेले. मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकला तर दासगावहून महाडपर्यंत पायी जाता येईल, असा हिशेब होता. समुद्रातून बाणकोटच्या खाडीत शिरायचे तर आपल्या हरिहरेश्वरची टेकडी डावीकडे ठेवूनच जावे लागते. म्हणजे ती बोट आपल्या याच पाण्यावरून गेली. समुद्राकडे बघताना ही आठवण आपण ठेवली पाहिजे.

राजगृह आणि शेवटचे घर

पुस्तके वाढत गेली. चाळीच्या दोन खोल्यांत माणसे ठेवायची की ग्रंथ, असा प्रश्न पडला. तेव्हा बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधले, कर्ज काढून, नकाशात स्वतः लक्ष घालून. त्याचे नाव राजगृह. प्राचीन मगध देशाच्या राजधानीचे हे नाव. १९३४ च्या सुमाराला कुटुंब तिथे राहायला गेले. पण रमाईंना त्या घराचे सुख फार काळ लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

पुढे मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज १९४६ साली आणि औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय १९५० साली उभे राहिले. औरंगाबादला वर्गांबरोबर वसतिगृहेही आली, कारण मराठवाड्याच्या खेड्यांतून येणारी मुले भाड्याच्या खोल्या शोधीत कुठे फिरणार होती?

कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर १९५१ च्या अखेरीस बाबासाहेबांनी दिल्लीतला सरकारी बंगला सोडला आणि २६, अलीपूर रोड येथे मुक्काम हलवला. हे घर सिरोहीच्या राजघराण्याचे होते. त्याच घरात बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथावर रात्री जागून काम झाले आणि त्याच घरात ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. देशाला घटना देणाऱ्या माणसाचा शेवटचा श्वास दुसऱ्याच्या घरात गेला.

कायदा काय म्हणतो

घटनेच्या कलम १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, तळी, विहिरी, रस्ते यांत जातीवरून मज्जाव करता येणार नाही असे लिहिले आहे. कलम १७ ने अस्पृश्यता संपवली. म्हणजे बडोद्याची ती सराय घटनेने उघडली. पण खासगी घरमालकाचे काय? त्यासाठी १९५५ साली अस्पृश्यता (गुन्हे) कायदा झाला. १९७६ साली त्यात सुधारणा होऊन त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुठल्याही वस्तीत घर घ्यायला, बांधायला किंवा राहायला आडकाठी करणे हा त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे. एक ते सहा महिन्यांची कैद आणि दंड, अशी शिक्षा आहे. घर भाड्याने न देणे हा बहिष्काराचा एक प्रकार आहे असेही त्यात सांगितले आहे.

आता जगाकडे बघा. ब्रिटनमध्ये वर्ण बघून घर नाकारणे बेकायदा ठरले ते १९६८ साली. अमेरिकेतही घरांच्या बाबतीतला देशव्यापी कायदा १९६८ सालीच झाला. म्हणजे कागदावर आपण त्यांच्या तेरा वर्षे पुढे होतो. कागदावर! प्रत्यक्षात आजही शहरात खोली बघायला गेलेल्या मुलाला आधी आडनाव विचारतात, मग गाव विचारतात, मग काय खाता ते विचारतात, आणि शेवटी खोली कालच दुसऱ्याला दिली असे ऐकवतात. काठ्या गेल्या, पण प्रश्न गेला नाही. आणि असे गोड बोलून नाकारले की कोर्टात सिद्ध करणे कठीण होते.

आपण काय करायचे

पहिली गोष्ट आपल्या मुलांसाठी. घराबाहेर पडताना नाव बदलू नका, आडनाव लपवू नका. बाबासाहेबांनी नाइलाजाने अकरा दिवस दुसरे नाव वापरले आणि त्या अकरा दिवसांत त्यांना सुखाची झोप लागली नाही. आज आपल्या पाठीशी त्यांनीच दिलेली घटना आहे, मग लपायचे कशाला? खोली घेताना लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे तो लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे सक्तीचे आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. अनामत किती, ती परत कधी, वीजबिल कुणाचे, हे सगळे त्यात लिहून घ्या. भाडे वेळेवर द्या, शेजार सांभाळा. चांगला भाडेकरू म्हणून आपली ओळख झाली की पाठीमागून येणाऱ्या मुलाचा रस्ता सोपा होतो.

दुसरी गोष्ट आपल्यासाठी, आणि ती जास्त अवघड आहे. हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिवेआगर हा भाग आता पर्यटकांचा झाला आहे. घरोघरी राहण्या-जेवणाची सोय होते. आपल्यापैकीही काहीजण एखादी खोली भाड्याने देतात, उद्या आणखी देतील. तेव्हा आपण घरमालक असणार. दारात परका माणूस उभा राहील. त्याची जात, धर्म, प्रांत, रंग बघून आपण दार लावले तर बडोद्याचे ते काठीवाले आणि आपण यांत फरक तो काय राहिला? ओळखपत्र घ्यावे, नोंद ठेवावी, नियमाचे सगळे करावे. पण विचारायचे ते एवढेच की किती दिवस राहणार आणि भाडे परवडते का. बाकीचे विचारायचा हक्क आपल्याला नाही.

विहार या शब्दाचा मूळ अर्थच राहण्याची जागा असा आहे. भगवान बुद्धांच्या काळी राजा बिंबिसाराने राजगृहाजवळचे वेळुवन भिक्खू संघाला दिले. अनाथपिंडिकाने श्रावस्तीचे जेतवन जमिनीवर सोन्याची नाणी अंथरून विकत घेतले आणि तेही संघाला दिले. गावोगाव फिरणाऱ्या माणसाला पावसाळ्यात डोक्यावर छप्पर मिळावे, हा त्या दानाचा हेतू होता. आपला विहारसुद्धा त्याच परंपरेतला आहे. परगावाहून परीक्षेला, मुलाखतीला किंवा दवाखान्यात आलेल्या माणसाला एक रात्र पथारी पसरायला त्यात जागा मिळाली तर वर्धापन दिन खऱ्या अर्थाने साजरा झाला म्हणायचा.

लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचे ते १० नंबरचे घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने तीस लाख पौंडांहून अधिक किंमत मोजून विकत घेतले. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी तिथे बाबासाहेबांचे स्मारक सुरू झाले. पुढे काही शेजाऱ्यांनी हरकत घेतली की रहिवासी गल्लीत संग्रहालय नको. तिथल्या कॅम्डन नगरपालिकेने परवानगी नाकारली. प्रकरण सरकारपर्यंत गेले, चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने संग्रहालयाला परवानगी दिली. ज्या घरात बाबासाहेब भाडे भरून, पोटाला चिमटा घेऊन राहिले, ते घर आज आपले आहे. आपल्यापैकी कुणाचे लेकरू शिकायला लंडनला गेले तर त्याने तिथे जरूर जावे, आणि तिथून परतताना आपल्या खोलीच्या घरमालकाला या भाडेकरूची गोष्ट सांगावी.

जयभीम! नमो बुद्धाय!